आम्ही उतरतोय

४ जानेवारी

धाकट्या,

खुशालीचे प्रश्न पत्राच्या शेवटी विचारीन. आधी जे घशाशी आलं आहे ते बाहेर पडू दे, म्हणजे पुढचं अक्षर तरी नीट येईल.

एका आयुर्विमा कंपनीच्या वार्षिक परिषदेत प्रमुख वक्त्याचा परिचय करून देण्याचं मी नोव्हेंबरातच कबूल केलं होतं. परिषदेचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. ‘बाई, तीनच मिनिटं. तुमच्यासारखं शुद्ध आता बोलतं कोण?’ असं म्हणाला. स्तुतीला आपण भुलत नाही, असा माझा समज होता. वक्ता कोण हे मी विचारलंही नाही. काल त्यांच्या जनसंपर्क अधिकारी बाईंकडून एक गुळगुळीत पुस्तिका आली आणि पहिल्याच पानावर तो दिसला. तोच. अकरा वर्षांपूर्वी दोघे शिखराकडे गेले, मास्तर वरच राहिले आणि जो एकटा रांगत खाली आला, तो.

पुस्तिकेतली भाषा वाचून मी हात धुतले. हे लाक्षणिक अर्थाने लिहीत नाही, खरोखर साबणाने धुतले. ‘मृत्यूला पाणी पाजणारा महामानव.’ ‘बर्फाने त्यांच्या पायाची सात बोटे नेली, पण जिद्दीचे एकही नाही.’ जिद्दीला बोटं असतात हे चाळीस वर्षं भाषा शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. परिषदेचं घोषवाक्य ‘चढत राहा’. ज्यांनी चढत राहायचं ते विमा विकणारे प्रतिनिधी, आणि ज्याच्या मरणावर पाय देऊन चढायचं ते आपले मास्तर. त्यांचा उल्लेख पुस्तिकेत ‘एक सहकारी’ एवढाच.

सोबत त्या गृहस्थाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं टिपण होतं, परिचयासाठी. त्यात तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो! ‘आम्ही तेव्हा एकोणतीस वर्षांचे होतो.’ ‘आमच्या पायावर तीन शस्त्रक्रिया झाल्या.’ बसायला सिंहासन नाही, ही एकच उणीव. मी लाल शाईने सगळीकडे ‘मी’ केलं आणि मग मला माझीच लाज वाटली, की मी या माणसाचं लेखन सुधारत बसले आहे.

आपण दोघांनी या विषयावर अकरा वर्षांत एक वाक्य उच्चारलेलं नाही. तू कधी काढला नाहीस, मी कधी विचारला नाही. चौकशी समितीच्या अहवालातली ओळ मात्र मला पाठ आहे: ‘तळावरील बिनतारी चालकाच्या ऐकण्यातील चुकीमुळे मदतपथक वेळेवर निघू शकले नाही.’ त्या एका ओळीने तू डोंगर सोडलास, मित्र सोडलेस आणि पंखे-मिक्सर दुरुस्त करत त्या दुकानात जाऊन बसलास. आता ज्याच्या जबानीवर ती ओळ लिहिली गेली, त्याच्या गळ्यात मी शब्दांचा हार घालायचा?

नकार कळवते. तुला विचारायचं म्हणून थांबले आहे. पाठदुखी कशी आहे?

तुझी,
ताई


९ जानेवारी

ताई,

पाठ ठीक आहे. दुकानात सध्या मिक्सरांची रांग लागलीय, लोक त्यात काय दळतात देव जाणे, काल एकात चावी निघाली.

नकार देऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. तीन मिनिटं उभी राहा, चार वाक्यं बोल, खाली ये. तू नाही म्हणालीस तर ते कारण विचारतील, तू कारण सांगशील, तुला खोटं बोलता येत नाही, आणि मग सगळं पुन्हा उकरलं जाईल.

तू विचारलं नाहीस, पण एकदाच लिहून टाकतो. मास्तर आणि तो वरच्या कॅम्पवर होते. सकाळी वायरलेसवर तो म्हणाला, मास्तरचा घोटा गेलाय, माणसं पाठवा. बेस कॅम्पवर आमच्याकडे चौघं होती. त्यांची तयारी चालली होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा त्याचा आवाज आला. मी ऐकलं ते असं: ‘आम्ही उतरतोय. बॅटरी संपत आलीय.’ तसंच वहीत लिहिलं. दोघं उतरतायत म्हणजे घोटा नुसता मुरगळला असणार, असं धरलं आणि चौघांना थांबवलं. दोन दिवसांनी तो एकटाच आला. चौकशीत त्याने सांगितलं, ‘मी उतरतोय’ असं म्हणालो होतो. वारा होता, खरखर होती. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांत फरक तो केवढा? समिती म्हणाली ऐकण्यात चूक. मी सही केली.

मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, मला एकदाच गाठलं होतं, बाजारात. म्हणाल्या, ‘वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार, भाऊजी? मनाला लावून घेऊ नका.’ त्या दिवसापासून त्या समोरून येताना दिसल्या की मी रस्ता ओलांडतो. शिव्या दिल्या असत्या तर उभा राहिलो असतो.

झालं. आता हा विषय नको. तू भाषण चांगलं कर, तुझं नाव खराब व्हायला नको.

धाकटा


१४ जानेवारी

माननीय महोदय,

आपल्या परिचयाची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली आहे. आपण पाठवलेले टिपण मिळाले. त्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट करून घेणे आवश्यक वाटते.

पहिली, टिपणात आपल्या दिवंगत सहकाऱ्याचे नाव नाही, व्यवसाय नाही, वय नाही. त्यांना लोक ‘मास्तर’ म्हणत आणि ते शाळेत कवायत शिकवीत, इतके मी इतरांकडून मिळवले आहे. उरलेले आपण कळवावे.

दुसरी, आपण स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘आम्ही’ असा केला आहे. सभेत परिचय वाचताना यामुळे घोटाळा होईल. ‘आम्ही खाली पोचलो’ असे वाचले, तर श्रोत्यांना दोघेही पोचले असे वाटेल. आपल्या भाषेत पुरुषाचे क्रियापद अशा वेळी मदतीला येत नाही. ‘मी पोचलो’ आणि ‘आम्ही पोचलो’, दोन्हीकडे ‘पोचलो’च. बोलणारी स्त्री असती तर ‘पोचले’ आणि ‘पोचलो’ यांनी निवाडा केला असता. तेव्हा सर्वनाम अचूक हवे. मी सर्वत्र ‘मी’ केले आहे. आपली संमती कळवावी.

(निवृत्त विभागप्रमुख, भाषा विभाग)


२२ जानेवारी

आदरणीय बाई,

आपलं पत्र वाचून शाळेत परत गेल्यासारखं वाटलं! लाल शाईचा कागद बायकोला दाखवला, ती म्हणाली, ‘बरं झालं, कुणीतरी कान धरला.’

बाई, ‘आम्ही’ हा मोठेपणा नव्हे हो. आमच्या घरात ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं समजत. आमच्या आईने लहानपणी ‘मी मी करू नये’ म्हणून चमच्याने मारलेलं आहे. घरात सगळेच तसं बोलतात. आम्ही जेवलो, आम्ही निजतो, आम्हाला ताप आलाय. व्यासपीठासाठी मात्र कंपनीच्या लोकांनी तालीम करून घेतली. प्रेरणादायी भाषणात ‘मी’च लागतो म्हणतात, ‘आम्ही’ने टाळ्या पडत नाहीत. आता सभेत सवयीने ‘मी’ येतो. पण दमलो, घाबरलो, थंडी वाजली की जीभ आपली घरी पळते आणि ‘आम्ही’ सुरू! शस्त्रक्रियेच्या वेळी भूल उतरताना ‘आम्हाला पाणी द्या’ म्हणालो, तर परिचारिकेने दोन पेले आणले. हा किस्सा परिचयात घातलात तर लोक हसतील.

मास्तरांविषयी काय लिहू? फार मोठा माणूस. वय चाळीस. ‘तू उतर, मी थांबतो’ हे त्यांचे शेवटचे शब्द. ते मी भाषणात घेतोच, तेव्हा परिचयात नसले तरी चालेल, नाहीतर नंतर परिणाम कमी होतो.

‘मी’ला संमती आहे.

आपला नम्र


२४ जानेवारी

धाकट्या,

सोबतच्या पत्राची नक्कल आधी वाच. खुर्चीत बसून वाच. मग माझं पत्र वाच.

वाचलंस?

वारा नव्हता. खरखर नव्हती. तुझे कान शाबूत होते. त्याने ‘आम्ही’च म्हटलं, तू ‘आम्ही’च ऐकलंस आणि ‘आम्ही’च लिहिलंस. थंडीत, भीतीत, दमलेल्या जिभेने तो माणूस आपल्या आईच्या घरची भाषा बोलला, आणि ती भाषा त्या एका क्षणी प्राणघातक होती. पुढे समितीपुढे उबदार खोलीत बसून त्याने ‘मी’ म्हटल्याचं सांगितलं. आणि ही कबुली तो मला स्वतःच्या सहीनिशी पाठवतो, किस्सा म्हणून! दोन पेल्यांचा विनोद म्हणून! त्याला माझं सासरचं आडनावच माहीत आहे. मी कुणाची बहीण हे त्याला कुठून कळणार?

त्या पत्रातल्या ‘परिणाम कमी होतो’ या शब्दांपाशी मी उठून पुन्हा साबणाने हात धुतले. मेलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य हा जपून राखून ठेवतो, जादूगार बाहीत पत्ता ठेवतो तसा.

मी परिचय करून देणार आहे. तीन मिनिटांत काय बसतं याचा अंदाज त्या लोकांना नाही. मी हे पत्र व्यासपीठावरून वाचून दाखवणार, त्यानंतर अहवालातली ओळ वाचणार, आणि शेवटी तुझ्या नोंदवहीतलं पान. वही तुझ्याकडेच आहे हे मला ठाऊक आहे. उलट टपाली पाठव. नोंद शाईत आहे की पेन्सिलीत? वेळ आकड्यांत आहे ना? वहिनींना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. अकरा वर्षं त्या तुला माफ करत आल्या आहेत. आता ती माफी ज्याला लागते त्याच्याकडे वळवू दे.

आज फार दिवसांनी मला माझ्या विषयाचा अभिमान वाटला.

ताई


३० जानेवारी

ताई,

वही पाठवत नाही.

पत्र वाचलं. खुर्चीत बसून वाचलं. तुला वाटलं असेल मी रडलो असेन आनंदाने. मी दुकान बंद केलं आणि दुपारभर आत बसून राहिलो.

ताई, तू मला नवीन काही सांगितलेलं नाहीस. त्याचं ‘आम्ही’ मला माहीत होतं. बेस कॅम्पवर त्याच्यासोबत आम्ही एकेचाळीस दिवस काढले होते. ‘आम्ही दात घासतो’, ‘आम्हाला मोजे सापडत नाहीत’. पहिल्या आठवड्यात हसून हसून पोट दुखलं आमचं. सगळ्यांनी त्याचं नाव ‘महाराज’ ठेवलं. मीच ठेवलं. मास्तर तर मुजरा करायचे, ‘महाराजांचे मोजे महाराजांच्याच पायात आहेत’ म्हणायचे.

आता वहीत जे नाही ते सांगतो. वहीत फक्त आलेला संदेश लिहायचा असतो, दिलेला नाही. त्याने ‘आम्ही उतरतोय’ म्हटल्यावर बोलायची पाळी माझी होती. मी बटण दाबलं आणि म्हणालो, ‘उतरा, महाराज. सावकाश.’

महाराज म्हणालो, ताई. म्हणजे त्या क्षणी मला आठवत होतं की हा स्वतःला आम्ही म्हणतो. ‘दोघं का?’ दोन शब्द होते. बॅटरी तेवढी होती. सकाळी ज्याचा घोटा मोडला तो दुपारी उतरतो कसा, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मलाही सुचलं. सुचलं आणि मी ते बाजूला सारलं, कारण वारा चढला होता, चौघांपैकी कुणालाच वर जायचं नव्हतं, आणि ‘आम्ही’ ऐकल्यावर सगळ्यांचे चेहरे सुटले. मी त्यांच्याकडे बघत होतो. विचारलं तर उत्तर ‘एकटाच’ येईल म्हणून विचारलं नाही.

समितीने ‘ऐकण्यातील चूक’ म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कान काय, कुणाचेही चुकतात. त्याला ‘मी’ म्हटल्याचं सांगायचं होतं, मला चुकीचं ऐकल्याचं. आम्ही एकमेकांशी एक शब्दही न बोलता जमवलं ते.

आता वाच व्यासपीठावरून काय वाचायचं ते.

धाकटा


२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं.

अकरा वर्षं मी तुला अन्याय झालेला माणूस समजत होते. त्या समजुतीवर मी किती जणांशी भांडले, किती घरी जाणं तोडलं, हे तुला ठाऊक आहे आणि ते तू पाहत राहिलास. दर महिन्याला जेवायला येत होतास. माझ्या ताटात जेवताना एकदाही घास अडकला नाही?

मला तुझी किळस आली आहे. हा शब्द मी विचार करून निवडला आहे. याहून सौम्य शब्द शोधत होते, मिळाला नाही.

परिचय मी करून देईन. काय बोलायचं ते माझं मी बघेन. पत्र लिहू नकोस.


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

लिहू नकोस म्हटलं होतं, आणि तू खरंच लिहिलं नाहीस. सांगितलेलं तेवढंच ऐकण्याची तुझी सवय जुनीच दिसते.

काल परिषद झाली. वहिनींना मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार होते?

सभागृहाच्या दारातच थर्माकोलचं शिखर उभं केलं होतं, त्यावर चढायला मागून शिडी. प्रतिनिधी एकेक करून वर जात, कंबरेवर हात ठेवून फोटो काढून घेत, आणि उतरताना एक गृहस्थ घसरले तर मागची रांग ‘पॉलिसी आहे ना?’ म्हणून खिंकाळली. यंत्रातून पांढरा धूर सोडत होते. त्याला मिठाईच्या कारखान्याचा वास होता. सर्वाधिक विमा विकणाऱ्या शाखांना बक्षीस म्हणून बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीची सोनेरी प्रतिकृती. जनसंपर्क अधिकारी बाई माझा कागद मागायला आल्या. मी दिला नाही. म्हणाल्या, ‘थोडं इमोशनल करा हं बाई, आणि शेवटी आवाज चढवून मृत्युंजय म्हणा, तिथे आम्ही ढोल वाजवणार आहोत.’

आत, वक्त्यांच्या खोलीत, तो बूट काढून बसला होता. पायांकडे मी पाहिलं नाही. हसून उभा राहिला. दिसायला भला माणूस आहे, हीच त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट. मी कुणाची बहीण ते मी त्याला तिथेच सांगितलं, एका वाक्यात. त्याचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थिजलं. ‘बरे आहेत ना ते?’ असं विचारलं. मी म्हटलं, ‘तुम्ही त्या दुपारी काय म्हणालात?’ तो खाली बसून मोजे नीट करत म्हणाला, ‘बाई, काय म्हणालो ते आठवत नाही. काय म्हणायचं होतं ते आठवतं. तेच समितीला सांगितलं.’ तेवढ्यात त्याला आवाज चाचणीला नेलं.

मी परिचयाचे नऊ खर्डे केले होते. एकही वाचला नाही. व्यासपीठावर जाऊन इतकंच म्हणाले: ‘शिखरावर दोघे गेले. एक परतला. जो राहिला तो शाळेत कवायत शिकवीत असे, वय चाळीस, त्याला पत्नी आहे. जो परतला तो आता आपल्याशी बोलेल. नीट ऐका. आणि शंका आली तर विचारा. न विचारल्याने माणसं मरतात.’ आणि खाली आले. चाळीस सेकंद. ढोलवाल्याला कळेना, त्याने उगाच एक थाप मारली. लोक हसले, मग टाळ्याही वाजवल्या. त्यांना तो विमा विकण्याचा मंत्र वाटला असावा. माझ्या शेजारच्या प्रतिनिधीने वहीत ‘शंका विचारा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग तो बोलला. पाऊण तास. बासरी वाजत होती. पडद्यावर मास्तरांचं छायाचित्र आलं, कुठल्याशा समूहचित्रातून कापून काढलेलं. कापणाऱ्याला खांद्यावरचा हात काढता आला नव्हता. मनगटापर्यंतचा एक हात त्यांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. तुझा आहे. तुझा वाकडा अंगठा मी त्या भल्यामोठ्या पडद्यावर पाहिला.

मी वाट पाहत होते. मला वाटलं, समोर मी बसले आहे, आज तरी त्याला ते वाक्य जमणार नाही. आलं ते. ‘पण नियती बघा. तळावर कुणीतरी चुकीचं ऐकलं.’ माझ्याकडे न बघता, अगदी त्याच विरामासकट, जो त्याला शिकवला असेल. सभागृहाने ‘च्च’ केलं, सहाशे तोंडांनी एकाच वेळी. तुझ्या नावावर उसासा टाकणारी सहाशे माणसं मी ऐकली.

कार्यक्रम संपल्यावर तो आपण होऊन माझ्याकडे आला. घामाने निथळत होता. म्हणाला, ‘संहिता ठरलेली असते, बाई. मधेच बदलता येत नाही.’ मी म्हटलं, ‘माझा भाऊ अकरा वर्षं मिक्सर दुरुस्त करतो आहे.’ त्यावर तो अगदी हळू, जवळजवळ मायेने, म्हणाला, ‘आम्ही त्यांचं नाव कधी घेतलं का बाई? कुणीतरी म्हणतो. ते आम्हाला महाराज म्हणायचे. त्या दुपारीही म्हणाले. आम्ही तेही कुणाला सांगितलेलं नाही.’

कळलं तुला? त्याला आठवतं. तुझं वाक्य त्याने जपून ठेवलं आहे आणि त्याचं तू. दोघांनी एकमेकांची विष्ठा झाकून ठेवावी तसे अकरा वर्षं बसला आहात, आणि त्या ढिगाऱ्याशेजारी एक बाई ‘वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार’ म्हणत तुमची समजूत काढते आहे. त्याच्या तोंडावर मारावा असा एक शब्द मी शोधत होते, आणि जो जो हाती येई तो आधी तुला लागत होता. मी तिथून निघाले. दारात त्यांनी मला सोनेरी कुऱ्हाड दिली. ती मी थर्माकोलच्या शिखरात खुपसून आले.

त्याने काय करावं हे मी सांगू शकत नाही. तो माझा कुणी नाही. तू आहेस. वहिनींना लिही. मी सांगते म्हणून नको, मला बरं वाटावं म्हणून तर नकोच. मला बरं वाटणार नाही. खर्डा करून माझ्याकडे पाठव, मी तपासून देते. निदान त्यात एकही शब्द निसटता राहू नये.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

पत्र लिहिलं. तुझ्याकडे तपासायला पाठवलं नाही, आज सकाळी वहिनींच्या दारात स्वतः नेऊन दिलं. त्यांनी आत बोलावलं. मी म्हणालो, आधी वाचा, मग बोलवायचं असेल तर बोलवा. नोंदवहीही सोबत दिली.

तू चुका काढल्या असत्यास, वाक्यं नीट केली असतीस, आणि नीट केलेलं वाक्य मग माझं राहिलं नसतं. तुझ्यासाठी नक्कल खाली आहे. लाल शाई लावू नकोस.

धाकटा


वहिनी,

बाजारात तुम्ही मला म्हणालात, वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार. तेव्हा मी मान हलवली. ते खोटं होतं.

मी नीट ऐकलं होतं. तो ‘आम्ही उतरतोय’ म्हणाला. तो एकट्यालाही आम्हीच म्हणतो हे मला माहीत होतं. त्याला त्यावरून चिडवायला मीच सुरुवात केली होती. दोघं का, एवढं विचारायचं होतं. विचारायला वेळ होता, बॅटरी होती. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. मास्तरांचा घोटा मोडलाय हे सकाळीच कळलं होतं.

पुढच्या वर्षी तंबू सापडला तेव्हा त्यांच्या डायरीत आणखी दोन दिवसांची नोंद होती, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला तेव्हा सांगितलं की माणसं निघाली असती तरी वादळात पोचली नसती. ते कुणालाच माहीत नाही. वादळ रात्री आलं. दुपारी नुसता वारा होता.

चौघं तयार होते. पाठीवर सामान, हातात दोर, बूट बांधून तंबूच्या दारात उभे होते. त्यातला एकजण म्हणाला, नक्की ना? मी म्हणालो, नक्की, दोघं येतायत, बूट काढा.

त्यांनी बूट काढले. मी सगळ्यांसाठी चहा ठेवला.